ब्रेक्झिट: मला मत होतं, शेजारच्या टेबलावरच्या बाईला नव्हतं. तुमच्याकडे काय चर्चा चालू आहे?

टेम्सकाठी | शुक्रवार, २४ जून २०१६, दुपारी १:१०

रात्रभर झोप नाही, त्यामुळे विस्कळीत लिहितोय, सांभाळून घ्या.

काल लंडनमध्ये धो धो पाऊस, गाड्यांचा पार बोजवारा, तरी ऑफिसातून सुटून भिजत भिजत रात्री नऊनंतर कसाबसा मतदान केंद्रावर पोचलो. केंद्र म्हणजे चर्चचा हॉल. बोटाला शाई नाही, ओळखपत्र कोणी मागितलं नाही, नाव-पत्ता सांगितला की बाईंनी पट्टी धरून यादीत रेघ मारली आणि कागद हातात दिला. आडोशाला दोरीनं बांधलेली पेन्सिल. हो, पेन्सिल! पुढचे आजोबा खिशातून स्वतःचं पेन काढत होते, म्हणे पेन्सिलचं मत रात्रीतून खोडतात. आपल्याकडे ईव्हीएमवर संशय, इथे खोडरबरावर.

कागदावर दोनच चौकोन. रिमेन (युरोपियन युनियनमध्ये राहा) आणि लीव (बाहेर पडा). गंमत म्हणजे आमच्या व्हिसाच्या भाषेत इथं राहायच्या परवानगीलाच 'लीव टू रिमेन' म्हणतात. हॅरोमधल्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर हाच जोक फिरत होता, की आपण दोन्हीकडे फुली मारायची.

पहाटे चार चाळीसला बीबीसीनं सांगून टाकलं की लीव जिंकले. ५१.९ विरुद्ध ४८.१. सव्वाआठला पंतप्रधान कॅमेरून बाहेर येऊन राजीनामा देतो म्हणाले. ऑफिसात पोचलो तर सुतकात आल्यासारखी शांतता.

आता मुद्दा. मी भारतीय पासपोर्टवाला, तीन वर्षांच्या वर्क व्हिसावर आलोय आणि त्यातलं एक झालंय. राष्ट्रकुलातला म्हणून मला मत. माझ्या शेजारच्या टेबलावर पोलंडची बाई बसते, अकरा वर्षं इथे, दोन मुलं इथे जन्मली, तिला मत नाही. आज सकाळी तिनं विचारलं, "तू दिलंस ना मत?" हो म्हणालो आणि कॉफी आणायला उठलो. तिच्या डोळ्याला डोळा देता येईना. मी रिमेनला दिलं होतं, पण ते सांगायलाही लाज वाटली. मी दोन वर्षांनी बहुतेक पुण्यात असेन. मी मत द्यायला हवं होतं का? आणि तुमच्याकडे काय म्हणतायत लोक?

कल्याण_लोकल | २४ जून २०१६, १:२५

मी पयला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शेअरबाजारातला_बैल | २४ जून २०१६, १:४०

टेम्सकाठी, तुमच्या बीबीसीनं जाहीर केलं तेव्हा आमच्याकडे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. सव्वानऊला बाजार उघडतो. पाच मिनिटं! माणसानं चहा ढवळायचा का स्टॉपलॉस लावायचा? सेन्सेक्स हजारावर अंशांनी खाली जाऊन आलाय. टाटा मोटर्स आपटलाय, कारण जग्वार लँड रोव्हर तिकडे गाड्या बनवून युरोपात विकते. पौंड काल शंभर रुपयांच्या आसपास होता, आज ब्याण्णव-त्र्याण्णव. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर राजन साहेब जातोय म्हणाले त्यातून सावरलो नव्हतो तोवर हे.

खवचट_आजोबा | २४ जून २०१६, २:०५

इंग्रजांना आपण घालवलं तेव्हा वेळ लागला, युरोपातून स्वतःच निघाले. (हलकेच घ्या.)

पीएचडी_चालू_आहे | २४ जून २०१६, २:३०

एडिंबराहून लिहितेय. इकडे वेगळंच वातावरण आहे, सकाळपासून सगळे "आता पुन्हा स्वतंत्र स्कॉटलंड" यावरच बोलतायत. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के रिमेन, बत्तीसच्या बत्तीस विभागांत रिमेन, एडिंबरात तर ७४ टक्के. तरी बाहेर पडणार, कारण इंग्लंड मोठं. २०१४ च्या सार्वमतात ह्याच लोकांना सांगितलं होतं की ब्रिटनमध्ये राहा तरच युरोपात राहाल.

आणि टेम्सकाठी, तुमच्या पोलिश बाईंबद्दल: २०१४ ला इथे राहणाऱ्या युरोपियन नागरिकांना मत होतं, सोळा वर्षांच्या मुलांनाही होतं. ह्या वेळी दोघांनाही नाही. पण आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसवाल्यांना होतं. म्हणजे यादी कोणी, कशी ठरवली ह्यावरच निम्मा निकाल ठरतो.

रेवा_लेस्टर | २४ जून २०१६, ४:१५

मी लीवला मत दिलं. आता मारा दगड.

लग्न होऊन १९९४ ला इथे आले, ब्रिटिश पासपोर्ट आहे, इथेच नोकरी केली, मुलगा युनिव्हर्सिटीत आहे आणि सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीये. (त्यानं रिमेनला दिलं, त्याच्या वयाचे बहुतेक सगळे तिकडेच.) आमचं लेस्टर ५१ टक्के रिमेन, म्हणजे आमच्या गल्लीत अर्धी घरं माझ्यासारखीच आहेत, फक्त बोलत नाहीत.

कारण सांगते. बाबा गेल्यावर आई साताऱ्यात एकटी. तिला इथे आणायचा अर्ज केला. २०१२ ला नियम बदलले. आता नुसतं म्हातारं आणि एकटं असून चालत नाही. त्यांना अंघोळ-जेवणालाही दुसऱ्याचा हात लागतो आणि तशी मदत भारतात पैसे टाकूनही मिळत नाही, हे सिद्ध करावं लागतं. सिद्ध कसं करणार? पैसे टाकले की बाई मिळते, हे त्यांनाही माहीत आहे. अर्ज नाकारला. नवरा किंवा बायको आणायची तर वर्षाला १८,६०० पौंड पगार हवा. आणि माझ्या कामावर एक युरोपियन मुलगा आहे, चांगला आहे हो बिचारा, तो आला, सहा महिन्यांनी बायको आली, मग आई आली. एकही फॉर्म नाही, एकाही पैशाची फी नाही. त्याच्यावर राग नाही. पण बावीस वर्षं कर भरून माझी आई येऊ शकत नाही आणि त्याची येते, हे मला रोज दिसत होतं. लीवच्या बाजूच्या मंत्री प्रीती पटेल सांगत होत्या की युरोपाचा दरवाजा बंद झाला की आपल्या लोकांना जागा होईल, करी हाऊसला आचारी मिळतील. मला पटलं.

आणि एक, हसू नका. २०१४ ला ब्रसेल्सनं (म्हणजे युरोपियन युनियननं) हापूसवर बंदी घातली होती, फळमाशी सापडली म्हणून. ऐन मे महिन्यात बेलग्रेव्ह रोडवर हापूसची पेटी नाही! त्या वर्षी आम्ही सगळेच जण चिडलो होतो. इंग्लंडात आंब्याचं झाड नाही, माशी येऊन बसणार कुठे?

खवचट_आजोबा | २४ जून २०१६, ४:३०

हापूससाठी देश फोडला. मराठी माणसाला पटण्यासारखं पहिलंच कारण.

निफाडकर | २४ जून २०१६, ६:५०

रेवाताई, माशी आंब्याच्या झाडावर नाही बसली तरी स्पेनच्या संत्र्यावर बसते, म्हणून बंदी होती. मी द्राक्षवाला आहे, युरोपाचे नियम आमच्या पाठीवर वळ उठवून गेलेत. २०१० ला क्लोरमेक्वाट या फवारणीच्या रसायनाचा अंश सापडला म्हणून आमचे कंटेनर तिकडे अडकले होते, शेतकरी पार बसले होते. पण खरं सांगू का, त्या दणक्यानंतर आम्ही शिकलो. आता प्लॉटची नोंदणी, ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी ऑनलाइन नोंद) सगळं, लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय काढणी नाही. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे एकच नियम. एक रिपोर्ट केला की रॉटरडॅम पण चालतं आणि लंडन पण चालतं. आता इंग्रज वेगळे झाले की त्यांची वेगळी यादी येणार का? दोन लॅब, दोन फॉर्म, दोन डोकेदुख्या.

आणि ताबडतोबीचं दुःख वेगळंच. आमच्या गटाचे एप्रिलच्या शेवटच्या मालाचे वीस हजार पौंड यायचे आहेत. काल ते वीस लाख होते. आज घरबसल्या दीड लाख गेले. ना गारपीट ना अवकाळी. बायकोला कसं सांगू की तिकडे म्हाताऱ्यांनी फुली मारली म्हणून आपले पैसे गेले.

शेअरबाजारातला_बैल | २४ जून २०१६, ७:०५

सेन्सेक्स बंद होताना ६०५ खाली. निफाडकर, हेजिंग केलं नव्हतं का, पौंडाचा दर आधीच बांधून?

निफाडकर | २४ जून २०१६, ७:२०

कुंपण बागेला केलंय, पौंडाला नाही.

कल्याण_लोकल | २४ जून २०१६, ७:३०

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). बादवे, ती बातमी वाचली का, निकाल लागल्यावर इंग्रजांनी गूगल केलं की "ईयू म्हणजे काय"? आधी फुली मारली, मग अभ्यास. आपल्यासारखेच आहेत की.

पीएचडी_चालू_आहे | २४ जून २०१६, ८:१०

ती बातमी जरा जपून घ्या. गूगल ट्रेंड्स शोध किती वाढला ते दाखवतं, किती माणसांनी शोधलं ते नाही. शिवाय शोधणाऱ्यांनी मत दिलं होतं, आणि तेही लीवला, हे कुठून कळलं? हरलेल्या बाजूला "समोरचे अडाणी" हे औषध लगेच लागू पडतं. मी पण सकाळी घेतलं होतं. रेवाताईंची पोस्ट वाचून उतरलं.

सोसायटीचा_सेक्रेटरी | २५ जून २०१६, सकाळी ९:००

मी कोथरूडच्या एका सोसायटीत नऊ वर्षं सेक्रेटरी आहे, त्यामुळे हा विषय मला लंडनवाल्यांपेक्षा जास्त कळतो.

तळमजल्यावरचे एक काका आहेत. दर वर्षी सभेत उठतात, "मी लिफ्ट वापरत नाही, मी पैसे का द्यावे?" काका म्हणजे ब्रिटन, सोसायटी म्हणजे युरोपियन युनियन आणि काकांना १९८४ सालीच सूट दिली असं समजा (तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी भांडून मिळवली होती ती). तरी काका लीवच्या प्रचाराच्या बसवर मोठ्या अक्षरात लिहून फिरतात की मी दर आठवड्याला ३५० मिलियन पौंड मेंटेनन्स भरतो, तो माझ्या दवाखान्यावर खर्च करा. अहो पण सूट वजा करूनच पैसे जातात! शिवाय त्यातून तुमच्या शेतकऱ्यांना आणि मागास भागांना परत येतात ते वेगळेच. कॉर्नवॉलला युरोपाचा केवढा पैसा गेलाय, तिथेही ५६ टक्के लीव. काल सकाळी लीववाले नेते फराज टीव्हीवर म्हणाले की ते ३५० मिलियन दवाखान्याला देऊ याची खात्री मी देऊ शकत नाही, तसं सांगणं ही चूक होती. मतदान संपून बारा तास पण झाले नव्हते.

काका सोसायटी सोडू शकतात. पण जिना, पाण्याची टाकी आणि गेट तेच राहणार. गेटमधून गाडी काढायला सोसायटीचेच नियम पाळायचे, फक्त आता सभेत हात वर करायचा अधिकार नाही.

खवचट_आजोबा | २५ जून २०१६, ९:२०

काकांची बाजू पण सांगा की. सेक्रेटरी नऊ वर्षं तोच, हे त्यांना खटकत नसेल कशावरून?

डच_दादा | २५ जून २०१६, ११:४५

आजोबा, अगदी वर्मावर बोट! सेक्रेटरी साहेबांची उपमा झकास आहे पण एक राहिलं. २००४ ला सोसायटीत दहा नवीन बिल्डिंगा आल्या, पोलंड, हंगेरी वगैरे. बहुतेक जुन्या सभासदांनी आपल्या नोकऱ्यांची दारं काही वर्षं बंद ठेवली. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडननं पहिल्या दिवसापासून उघडी टाकली. मग कॅमेरून म्हणाले स्थलांतर वर्षाला हजारांच्या घरात आणतो, लाखात नाही, आणि गेल्या महिन्यात आकडा आला ३ लाख ३३ हजार. दर वर्षी एक आश्वासन द्यायचं आणि दर वर्षी मोडायचं, आणि वर सांगायचं की आपल्या हातात नाही. मग लोकांनी "कंट्रोल परत घ्या" ऐकलं तर नवल काय. लिंकनशरमधल्या बॉस्टन गावात ७५ टक्के लीव, तिथे भाजीच्या शेतांवर पूर्व युरोपातले मजूर फार आलेत.

मी आइंडहोवनला आहे. डच लोकांनी २००५ ला युरोपच्या राज्यघटनेला ६१ टक्क्यांनी नाही म्हटलं होतं, आणि ह्याच एप्रिलमध्ये युक्रेन कराराला पण. सार्वमतात प्रश्न एक असतो आणि लोक उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं देतात.

मांडवीकर | २५ जून २०१६, दुपारी ३:३०

सार्वमतावर इतकं बोलताय आणि गोव्याचं कुणालाच आठवलं नाही? महाराष्ट्रात विलीन व्हायचं का वेगळं राहायचं, १६ जानेवारी १९६७. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं. १ लाख ३८ हजार १७० फुलाला, १ लाख ७२ हजार १९१ दोन पानांना. फरक ३४ हजार २१. आमच्या घरात आजोबा फूल आणि त्यांचे सख्खे भाऊ दोन पानं, वर्षभर एका पंगतीला बसले नाहीत. पण पुढची गंमत बघा. विलीनीकरणवाले भाऊसाहेब बांदोडकर कौलासाठी राजीनामा देऊन बाजूला झाले होते, कौल हरले, आणि दोन महिन्यांनी त्याच लोकांनी त्यांना निवडून परत मुख्यमंत्री केलं. म्हणजे लोकांना माणूस हवा होता, प्रश्न नको होता. कॅमेरूनना हे जमलं नाही.

आता टेम्सकाठी यांच्या मूळ प्रश्नाकडे, कारण तो आमच्याच घरचा आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस आणि त्याची मुलं-नातवंडं लिस्बनला जन्माची नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढू शकतात. माझा शाळासोबती तसाच गेला. पोर्तुगाल त्यानं विमानाच्या खिडकीतूनसुद्धा नीट पाहिलेलं नाही, थेट इंग्लंडमधलं स्विंडन. तिथे आमचे गोंयकार एवढे आहेत की रविवारी चर्चबाहेर कोकणीच ऐकू येते. तो गोदामात रात्रपाळी करतो. युरोपियन म्हणून त्याला मत नाही. त्याच्या बायकोनं भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही, म्हणून तिला मत आहे! कार्ड तिच्या नावानं आलं. ज्या हक्कावर दोघं तिथे राहतात तो नवऱ्याचा, आणि तो हक्क ठेवायचा का काढायचा हे विचारलं बायकोला. स्विंडन लीवला गेलं, जवळजवळ ५५ टक्के. काल फोन केला तर तो म्हणतो, "हिला विचारतो काय दिलंस तर नुसती हसते."

कल्याण_लोकल | २५ जून २०१६, ३:४५

वहिनींनी एका फुलीत नवरा परत पाठवायची सोय केली. आमच्याकडे असं सार्वमत कधी येणार?

रेवा_लेस्टर | २५ जून २०१६, ५:००

मांडवीकर, ही बाजू मला माहीतच नव्हती. युरोपियन म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे गोऱ्या कातडीचाच माणूस येतो, त्यात एक गोंयकार असेल असं मनातही आलं नाही.

पण अजूनही दोष मी नियमाला देईन, माझ्या फुलीला नाही.

पीएचडी_चालू_आहे | ३० जून २०१६, दुपारी २:१०

अपडेट. ज्यांच्यामुळे हे सगळं झालं ते बोरिस जॉन्सन म्हणतायत पंतप्रधानपदाच्या शर्यतीत मी नाही. दुसरं सार्वमत घ्या म्हणून जो अर्ज फिरतोय त्यावर चाळीस लाखांच्या आसपास सह्या झाल्यात, आणि तो अर्ज मतदानाच्या आधी एका लीववाल्यानंच टाकला होता म्हणे, आपण हरलो तर असावा म्हणून. आमच्या लॅबमध्ये युरोपचा पैसा आहे, सर रोज मेल बघतात आणि काही बोलत नाहीत.

टेम्सकाठी | ३० जून २०१६, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. पोलिश बाईंना आज शेवटी सांगितलं की रिमेनला दिलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं, तू कॉफी पीत नाहीस."

---

मांडवीकर | रविवार, ११ जून २०२३, सकाळी १०:००

सात वर्षांनी धागा वर काढतोय, रागावू नका. कुणीतरी विचारलं म्हणून शोधला.

स्विंडनचे दोघं अजून तिथेच आहेत. युरोपियन नागरिकांना राहायचं तर ३० जून २०२१ च्या आत अर्ज करायचा होता, फोनवरच्या ॲपनं पासपोर्ट वाचायचा. सुरुवातीला ते फक्त अँड्रॉइडवर चालायचं. ह्याच्याकडे मुलानं हौसेनं घेऊन दिलेला आयफोन, मग शेजाऱ्याचा जुना फोन आणून त्याच्यावर सहा गोंयकारांचे अर्ज झाले. मिळाला त्याला दाखला, पण कागद नाही, कार्ड नाही, नुसतं वेबसाईटवर दिसतं. तो त्याची प्रिंट काढून पाकिटात घेऊन फिरतो. होंडाचा कारखाना २०२१ ला बंद झाला, कंपनी म्हणते ब्रेक्झिटमुळे नाही, गावात कोणी मानत नाही.

डच_दादा | ११ जून २०२३, १२:२०

आणि कंट्रोल परत घेतल्यावर २०२२ चं निव्वळ स्थलांतर किती? सध्याच्या अंदाजानं ६ लाख ६ हजार. युरोपातले कमी झाले, भारतातून, नायजेरियातून आले. शिकून झाल्यावर दोन वर्षं थांबायचा व्हिसा पण परत सुरू झाला. रेवाताईंचं म्हणणं एका अर्थी खरं ठरलं की हो. पंतप्रधान पण आपलेच सुनक, तेही लीववाले.

रेवा_लेस्टर | ११ जून २०२३, संध्याकाळी ६:४०

आई २०१९ ला गेली. साताऱ्यातच. तो नियम अजून तसाच आहे. फक्त आता नव्यानं येणाऱ्या युरोपवाल्यांनाही तोच लागतो. बरोबरी हवी होती ना मला, झाली.

मुलगा बोलायला लागला हं, २०१६ च्या गणपतीतच.

निफाडकर | ११ जून २०२३, रात्री ८:१५

रेवाताई, वाईट वाटलं. आमच्याकडे दोन फॉर्म झाले, सवय झाली. पौंड परत शंभराच्या वर गेलाय पण आता माल कमी जातो म्हणून रडतोय. टेम्सकाठी कुठे आहेत?

टेम्सकाठी | ११ जून २०२३, रात्री ११:०५

पुण्यात, २०१८ पासून. मांडवीकर, सगळं सांगितलंत पण मुख्य गोष्ट राहिली. वहिनींनी काय दिलं होतं?

मांडवीकर | १२ जून २०२३, सकाळी ७:३०

नाताळात आले होते तेव्हा विचारलं. गेलीच नव्हती. त्या दिवशी डबल शिफ्ट मिळत होती. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, तुम्ही पण कुठे बोलू नका.